पाहुण्यांच्या वहीतली एक ओळ

४ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या रग्बी क्लबला पन्नास वर्षं होतायत, म्हणून इतिहास छापायचं कमिटीत ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं, असं मी चारचौघांत म्हटलं. खरं तर दोन महिने मी याचीच वाट बघत होतो. दुसऱ्या कुणाचं नाव निघालं असतं तर आठवडाभर घशाखाली घास उतरला नसता.

पण त्यातही माशी शिंकलीच. माझं नाव सुचवलं कोणी, तर लिफ्टा दुरुस्त करणाऱ्या आमच्या लिफ्टवाल्याने. "कवळ्याला द्या. कुणी कुणाचा दात कधी पाडला, सगळं पाठ आहे त्याला." झालं, सगळे खो खो हसले. मी एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत एकोणतीस वर्षं कवळ्या बनवतोय. क्लबातल्या निम्म्या तोंडांत माझं काम आहे. पण विनोद म्हटला की तो याचा, आणि आता माझं नाव पुढे करण्याचा मोठेपणाही याचाच. अध्यक्ष, म्हणजे आमचे जुने कप्तान मास्तर, "ठरलं तर मग" म्हणाले आणि बैठक संपली.

ही वही वेगळी ठेवतोय. इतिहासात जे छापता येणार नाही ते इथे लिहायचं.

बायकोला सांगितलं तर म्हणते, "बघ, चांगला आहे रे तो." ती टेलिफोन कंपनीत दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते. घरची तक्रार तिला ऐकूच येत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

क्लबाचं कपाट उघडलं. आत ओल्या मोज्यांचा पन्नास वर्षांचा वास.

सुरुवातीची हकीकत अशी. संस्थापकांपैकी एक जण स्टेशनात हरवलेल्या वस्तूंच्या खोलीवर कारकून होता. तिथे एक लांबट चेंडू वर्षभर पडून राहिला, कुणी न्यायला आलं नाही. याला वाटलं, बसून बसून फुटबॉल चेपला. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर संध्याकाळी सात-आठ जण तो चेंडू घेऊन धावू लागले. पुढे कुणी तरी नियमांचं पुस्तक आणलं, पण त्याची पहिली बारा पानं फाटलेली. त्यामुळे पहिलं वर्षभर ही मंडळी चेंडू बिनधास्त पुढे फेकत होती. रग्बीत हाताने चेंडू फक्त मागे द्यायचा असतो, हे एका परक्या खलाशाने पोट धरून हसत हसत सांगितलं, तेव्हा कळलं.

त्या लोकांनी एकच रीत लावून दिली, ती आजवर मोडलेली नाही. सामना संपला की आधी पाहुण्या संघाला जेवायला वाढायचं. मग पाहुण्यांच्या कप्तानाने आमच्या वहीत एक ओळ लिहायची: आज आम्हाला सगळ्यात जास्त कुणी छळलं. नावं त्यांना माहीत नसतात, म्हणून जर्सीचा नंबर लिहायचा. त्या वहीत आमच्यातल्या कुणीही पेन लावायचं नाही. आपली पाठ आपण थोपटायची नाही. तिला आम्ही पाहुण्यांची वही म्हणतो. अशा एकूण सात वह्या आहेत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मोजू नये ते मोजलं. मी खेळलो त्या सगळ्या वर्षांच्या वह्या धुंडाळून. लिफ्टवाल्याचा नऊ नंबर सदतीस वेळा. माझा दोन नंबर एकदा.

आता दोन आणि नऊ म्हणजे काय, हेही एकदा लिहूनच टाकतो. स्क्रममध्ये आठ माणसं आठ माणसांना खांद्याने रेटतात. त्यात पुढच्या ओळीत मधोमध लटकलेला माणूस म्हणजे दोन नंबर. त्याचे दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या गड्यांच्या गळ्यात अडकलेले, मान समोरच्याच्या बगलेत, आणि त्याने फक्त पायाने चेंडू मागे ओढायचा. तो मागून अलगद बाहेर येतो. तिथे नऊ नंबर उभा असतो, भांग विस्कटलेला नाही, कपडे कोरडे. तो चेंडू उचलतो, पळतो आणि टाळ्या घेतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. वीस वर्षं मी चेंडू काढून दिला, हा पळाला, आणि लोक विचारायचे, तो नऊ नंबर कोण हो?

पण एकदा दोन! आणि तेही कधी, तर शहराच्या ढालीच्या अंतिम सामन्यात. आम्ही ती ढाल एकदाच जिंकलो, तेवीस वर्षांपूर्वी, अग्निशामक दलाविरुद्ध. शेवटची चार मिनिटं, त्यांच्या रेषेजवळ स्क्रम. चेंडू मी काढला. पळाला अर्थातच हा, रेषेपलीकडे झेप घेतली आणि सामना जिंकला. सगळ्यांना वाटलं, वहीत नऊच येणार. पण त्यांचा कप्तान, धिप्पाड फायरमन, त्याने लिहिलं: 'दोन नंबर. याने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं.'

त्या दिवशी बाबा आले होते. आयुष्यात एकदाच. एरवी म्हणायचे, "चिखलात डुकरांसारखे लोळता, वर कपडे आईने धुवायचे." ती ओळ त्यांनी चष्मा पुसून वाचली. "बरं," म्हणाले. बाबांच्या तोंडचं बरं म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडचे दोन हारतुरे. पुढे तीन महिन्यांत ते गेले. पण त्या तीन महिन्यांत न्हाव्यापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला त्यांनी ती ओळ ऐकवली. मला असं ऐकवताना कधी सापडले नाहीत. मला लोकांकडून कळायचं.

फक्त एक गोष्ट तेव्हाही खुपली. घरी येताना म्हणाले, "त्या नऊ नंबरच्या मुलाला एकदा जेवायला आण." त्या दिवशीसुद्धा त्यांना नऊच दिसला! मी काही त्याला आणला नाही.

ती ओळ मोठी करून अख्ख्या पानावर छापणार आहे. पाहुण्यांची लेखणी खोटं बोलत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

मास्तरांच्या घरी ढालीच्या दिवसाचा फोटो सापडला. तोच क्षण. टेबलावर वही, फायरमनच्या हातात पेन. आणि त्याच्या कानाशी वाकलेला कोण? लिफ्टवाला! काही तरी बडबडतोय. माझ्या आयुष्यातली एक ओळ लिहिली जात होती, तेवढ्यातही याला मध्ये तोंड घालायचं होतं. त्याच्या मागे बाबा उभे आहेत, मान थोडी वळवून. एका कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून चांगला कान ते नेहमी असा पुढे करत. मी फोटोत नाहीच. मी तेव्हा गुडघा धूत होतो.

या फोटोची ही एकच प्रत आहे. तरीही मी कामाच्या खोलीत नेऊन, पट्टी लावून, पात्याने लिफ्टवाला कापून काढला. त्याच्याबरोबर बाबाही गेले, पण इलाज नव्हता. दोघं इतके चिकटून उभे होते. उरला फायरमन, वही आणि पेन. छापायला एवढं पुरे. कापलेला तुकडा मेणाच्या दातांच्या खणात टाकला.

दुपारी बायकोने विचारलं, "फोटो एवढासाच होता?" मी म्हटलं, "हो."

२८ सप्टेंबर, रविवार

पन्नाशीच्या दिवशी जुन्या खेळाडूंचा सामना ठेवलाय, अग्निशामक दलाच्या जुन्या गड्यांशी. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. त्याचा सराव झाला. माझ्या मानेने दोनदा कट् असा आवाज केला. लिफ्टवाल्याचा गुडघा सुजलाय, पुढल्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे, तरी खेळणार म्हणतो.

"मुलगी येतेय रे या वेळी," तो बुटांची नाडी सोडत म्हणाला. "एवढी मोठी झाली, बाप खेळताना कधी बघितला नाही तिने. मी कायम कुठल्या तरी इमारतीत अडकलेली माणसं काढत असायचो, नाही तर ती परीक्षेत."

म्हणजे आता घरचीही टाळ्या वाजवायला येणार! आम्हाला मूलबाळ नाही. माझा खेळ बघायला बायको येते आणि पूर्ण वेळ मोबाइलवर शब्दकोडं सोडवते.

मी त्याला सांगितलं की शुक्रवारी फायरमनकडे जाणार आहे, इतिहासासाठी त्यांचे दोन शब्द घ्यायला. तर हा चपापलाच. "कशाला उगाच तीन मजले चढतोस? लिफ्ट नाही तिथे. शिवाय त्यांना आता फारसं काही आठवत नाही. मी जाऊन येतो ना, माझं त्या बाजूला काम आहे."

बघा! एवढंही मला मिळू द्यायचं नाही. मी म्हटलं, "तू आणि बिनलिफ्टच्या इमारतीत? गुडघा सांभाळ." हे मात्र मला छान सुचलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जाऊन आलो.

फायरमन आता साठीच्या पुढचे. बाल्कनीत बसून कुंड्यांतल्या रोपांना नळीने पाणी घालत होते. हात अजून बंबाच्या नळीची मूठ धरल्यासारखा. मी ओळख सांगितली. वहीतली ओळ त्यांना दाखवली. म्हटलं, "इतक्या जणांतून तुम्ही दोन नंबर कसा हेरलात, तेवढं लिहून द्या."

त्यांनी ओळ वाचली आणि हसले. "अहो, मी तर नऊच लिहीत होतो. त्याने आमचं रक्त आटवलं होतं त्या दिवशी. तेवढ्यात तोच आला, तुमचा बडबड्या. कानात म्हणतो, 'कॅप्टन, दोन लिहा. त्याचे वडील आलेत, पहिल्यांदाच.' मी म्हटलं, अरे बाबा, तूच तर जिंकवलंस! तर म्हणतो, 'माझं काय, मला वर्षभर मिळतंच.' मग लिहिलं दोन. आमच्या नियमात काय, तुमच्या नियमात काय, कुठे बसत होतं!"

मी विचारलं, "आणि दोन नंबर? तो कसा खेळला होता?"

त्यांनी नळी दुसऱ्या कुंडीकडे वळवली. भला माणूस आहे. आठवायचा प्रयत्न खरोखर केला. "वाईट नसणार," म्हणाले. "स्क्रममध्ये तोंडं कुठे दिसतात?"

मग माझ्याकडे नीट बघितलं आणि नळी खाली ठेवली. "तुम्ही कितव्या नंबरवर होता म्हणालात?"

"पंधरा," मी म्हटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सरावाला गेलो नाही. मान दुखते असं कळवलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज एका आजोबांच्या कवळीत वरचे दात खाली लावले. डॉक्टर म्हणाले, "एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा." मी म्हटलं, कधी तरी पहिल्यांदा व्हायचंच.

काय करू ते कळत नाही. त्याचा गळा धरावा असं वाटतं. कोणी मागितलं होतं? सदतीस वेळा आपल्या ताटात वाढून घेतलं आणि एक घास माझ्या तोंडात कोंबला. मी तेवीस वर्षं तो चघळतोय, लोकांना दाखवतोय. गेल्या वर्षी क्लबाच्या जेवणात मी हीच ओळ सांगत होतो आणि हा समोर बसून मान डोलवत होता. काय वाटत असेल याला मनात? हसत असेल?

हसत नव्हता. मला आठवतं. बटाटे वाढून घेत होता आणि म्हणाला, "खरंय, त्या दिवशी चेंडू तूच काढलास."

याचाच जास्त राग येतो. चिडायलासुद्धा जागा ठेवलेली नाही.

आणि बाबा. न्हाव्याला, डॉक्टरांना, जिन्यात भेटेल त्याला. सगळं लिफ्टवाल्याच्या त्या एका कुजबुजीवर. बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं, तेवढं एक बरं झालं.

८ ऑक्टोबर, बुधवार

बायकोला सांगितलं. तक्रार ऐकताना असते तशी शांत ऐकत होती.

"मग आता ते पान?"

"काढून टाकतो."

"बाबांनी इतक्या लोकांना सांगितलं ते?"

"ते खोटं होतं."

"चेंडू तू काढला होतास ना?"

"चेंडू कुणीही काढतो."

"तेवीस वर्षं तर तू उलटं सांगत होतास," ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

११ ऑक्टोबर, शनिवार

मैदानावर गेलो. लिफ्टवाला एकटाच होता, लंगडत लंगडत चुन्याच्या रेषा मारत होता. दोरी सरळ धरायला कुणी नव्हतं, म्हणून रेषा वाकडी चाललेली. मी दोरीचं दुसरं टोक धरलं. अर्धं मैदान होईपर्यंत कुणी बोललं नाही. तो अर्धं मैदान गप्प राहिलाय, हीसुद्धा इतिहासात छापण्यासारखी गोष्ट.

मग माझ्याकडे न बघता, डब्यातला चुना ढवळत म्हणाला, "काय म्हणाले फायरमन?"

तेव्हाच सगळं त्याच्या तोंडावर फेकायचं होतं. मी वाक्यसुद्धा तयार करून गेलो होतो. पण चुना ढवळायचा त्याचा हात थांबला होता. पन्नास वर्षांचा बाप्या आणि निकाल लागायच्या आधी पोरं उभी राहतात तसा उभा.

"काही नाही," मी म्हटलं. "त्यांना काही आठवत नाही. रोपांचंच बोलत होते."

"मी म्हटलं नव्हतं तुला?" तो म्हणाला, आणि जो सुटला तो सुटला. रेषा संपेपर्यंत एका लिफ्टमध्ये अडकलेल्या वरातीइतक्या माणसांची गोष्ट सांगत होता. रेषा मात्र सरळ आली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मेणाच्या दातांच्या खणातून तो तुकडा काढला आणि फोटो जोडला. कवळीला चीर गेली तर जोडतो तसाच, त्याच चिकटद्रव्याने, भिंगाखाली. बोट फिरवलं तर फट लागते, नुसतं बघून कळत नाही. बाबा परत आले. लिफ्टवाला तर आलाच, त्याच्याशिवाय बाबा येत नाहीत.

अख्ख्या पानावर ओळीऐवजी फोटोच देतोय. खाली फक्त लिहिलं: 'ढालीचा दिवस. पाहुण्यांच्या वहीत नोंद होताना.' कोण कोण आहे त्यांची नावं डावीकडून.

बराच वेळ बघत बसलो. बाबांची नजर वहीकडे नाहीच. चांगला कान पुढे करून ते लिफ्टवाल्याकडेच बघतायत, आणि चक्क हसतायत. त्याच्यात सगळ्यांना काय दिसतं कोण जाणे.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज पन्नाशीचा सामना.

आधी हे लिहितो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही: मी आज जन्मात खेळलो नव्हतो तसा खेळलो. जुन्या गड्यांच्या सामन्यात स्क्रममध्ये जोराने रेटायचं नाही असं ठरलेलं, म्हणजे सगळा खेळ पायाचा. अकरा स्क्रम झाले. आमचे सहा चेंडू मी काढले आणि त्यांचे पाचपैकी चार. त्यांचा दोन नंबर शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही पायाला लोहचुंबक लावलंय का?" बायकोने शब्दकोडं खाली ठेवलं होतं. मी स्वतः पाहिलं.

लिफ्टवाल्याचा खेळ मात्र पार गेला. गुडघा वळत नव्हता. मी काढून दिलेले तीन चेंडू त्याच्या हातातून निसटले, एक तर त्याच्याच नाकावर आपटला. एरवी मला आनंदाने घेरी आली असती. त्याची मुलगी रेषेजवळ उभी होती, वडिलांचा कोट छातीशी धरून. तो पडला की दर वेळी अर्धं पाऊल पुढे यायची. तो लगेच उठून तिच्याकडे बघून हात हलवायचा. आम्ही हरलो.

पाहुण्यांना वाढलं. इतिहासकार म्हणून वही माझ्या ताब्यात. त्यांचा कप्तान बंबाचा ड्रायव्हर आहे, तोंडात माझ्याच हातची खालची कवळी. रुमालाला हात पुसून बसला आणि पेनाचं टोपण काढलं.

"यात काय विचारायचंय? दोन नंबर. तुम्हीच की हो! छळलंत आम्हाला."

किती तरी वर्षं हे वाक्य कसं ऐकू येईल, याचा विचार मी अंघोळ करताना केलेला आहे. अगदी तसंच ऐकू आलं. कुणाच्या शिफारशीवाचून, माझं, कमावलेलं. पेन कागदाला टेकलं होतं.

मी वाकलो आणि म्हटलं, "कॅप्टन, नऊ लिहा."

"नऊ? त्याला आज स्वतःची टोपी तरी पकडता आली असती का?"

"लिहा हो. त्याची मुलगी आलीय. पहिल्यांदाच."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग टेबलाच्या त्या टोकाला. खांदे उडवले आणि लिहिलं.

रीतीप्रमाणे मास्तरांनी ओळ वाचून दाखवली. मुलीने वही मागून घेतली, स्वतः वाचली आणि मोबाइलवर फोटो काढला. लिफ्टवाला तिच्या मागे उभा राहून वाचत होता. सदतीस वेळा आपला नंबर वाचलेला माणूस, पण आज ओठ हलवत वाचत होता. मुलीने वही मिटून छातीशी धरली, तेव्हा त्याने सरळ माझ्याकडे बघितलं. मी बटाटे वाढून घेत होतो.

माझ्याजवळ येऊन म्हणाला, "कवळ्या, त्या ड्रायव्हरचे डोळे तपासायला हवेत."

"पाहुण्यांची वही आहे," मी म्हटलं. "आपण त्यात पेन लावत नाही."

त्याने माझ्या ताटातला एक बटाटा उचलला. मग मी म्हटलं, "पुढच्या रविवारी जेवायला ये. मुलीलाही आण. बाबांनी सांगितलं होतं, राहूनच गेलं." त्याने नुसती मान हलवली आणि नाक पुसायला दुसरीकडे तोंड केलं. नाकावर चेंडू लागला होता, त्यामुळे असेल.

घरी आल्यापासून बायको विचारतेय, "एवढा चांगला खेळलास आणि वहीत नऊ कसा?" मी म्हटलं, "पाहुण्यांची मर्जी." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग चहा ठेवायला गेली.

मी इथे बसून लिहितोय आणि राग यायची वाट बघतोय. माझी एकुलती एक खरी ओळ मी स्वतःच्या तोंडाने घालवली. राग यायला हवा. येत नाही. उलट मघापासून उगाच हसू फुटतंय, मान दुखत असूनही. त्या मुलीने वही कशी छातीशी धरली होती, ते दहा वेळा आठवून झालं, आणि दर वेळी तेवढंच गोड लागतं. कुणाला सांगता येत नाही, म्हणून तर जास्तच.

आणि मग लक्षात आलं. एवढं सुख! तेवीस वर्षं तो लबाड हे एकटाच खात होता, आणि मला वाससुद्धा लागू दिला नाही.